‘काही चुकलं तर लगेच सांगा’ म्हणतात, मग कामावर माणूस गप्प का बसतो?

अंबरनाथ/बदलापूर : ‘काही चुकलं तर लगेच सांगा’ असं प्रत्येक कारखान्यात, दुकानात आणि ऑफिसात सांगितलं जातं. तरीही बॅच बिघडते, माल परत येतो, मशीन बंद पडतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मला माहीत नाही, मी आलो तेव्हा असंच होतं.’ अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीत आणि उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यांत आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं रोज कामाला जातात. त्यातल्या अनेकांच्या घरात ‘सांगू की नको’ हा प्रश्न कधी ना कधी आलेला असतो. चूक का लपवली जाते, लपवल्याने कुणाचं किती बिघडतं आणि कायदा काय म्हणतो, ते समजून घेऊ.

एक चुकीची खूण, शंभर पँट

उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा धंदा मोठा आहे. कापडाचे थर एकावर एक अंथरतात, वरच्या थरावर मापाच्या खुणा असतात आणि मशीनने सगळे थर एकदम कापतात. समजा, ३४ कमरेच्या ऑर्डरला चुकून ३६ ची खूण पडली. एका दमात शंभरभर पँटचं कापड चुकीच्या मापाने कापलं गेलं.

कापणाऱ्याने तिथल्या तिथे सांगितलं, तर मोठ्या मापाचे तुकडे लहान मापात पुन्हा कापता येतात. थोडं कापड आणि थोडा वेळ वाया जातो, ऑर्डर वाचते. तो गप्प बसला, तर तेच तुकडे शिलाईला जातात, मग धुलाईला, मग पॅकिंगला. व्यापाऱ्याकडून माल परत येतो तेव्हा कापड, शिलाई, धुलाई, टेम्पोचं भाडं सगळं अंगावर पडलेलं असतं. मूळ चूक एका मिनिटाची होती. बाकीचं सगळं नुकसान गप्प बसण्याचं.

गप्प बसण्यामागची कारणं

पहिलं कारण पैसा. ‘नुकसान तुझ्या पगारातून कापू’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. महिन्याचा हप्ता, मुलांची फी आणि घरभाडं ठरलेलं असतं. अशा वेळी खरं बोलण्याची किंमत माणूस आधी रुपयांत मोजतो.

दुसरं कारण नोकरी. कायम कामगाराला निदान मेमो मिळतो, उत्तर द्यायला वेळ मिळतो. ठेकेदाराच्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच सांगितलं जातं. ज्याच्या नोकरीचा भरवसा कमी, तो चूक सांगायला जास्त घाबरणार.

तिसरं कारण नाव. गावाकडच्या मुलाला काम बहुतेक वेळा ओळखीने मिळतं. मामाने, चुलत्याने किंवा शेजारच्या दादाने शब्द टाकलेला असतो. चूक कबूल केली की शब्द टाकणाऱ्याची मानही खाली जाईल, असं त्याला वाटतं.

चौथं कारण मनातलं. ‘मी काम नीट करतो’ असं प्रत्येकाला आपल्याबद्दल वाटत असतं. चूक समोर आली की या समजाला धक्का बसतो आणि मन लगेच कारणं शोधू लागतं. लाइट गेली होती, मशीन जुनं आहे, आधीच्या पाळीवाल्याने सांगितलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण दुसऱ्याला लावतो, पण ते अंगण प्रत्येकाच्या घरासमोर असतं. कारणं दोनचार वेळा मनाशी घोळवली की माणसाला ती खरीच वाटू लागतात.

आपलं रोजचं बोलणंही त्याला साथ देतं. ग्लास फुटला, दूध उतू गेलं, व्हॉल्व्ह उघडा राहिला. या वाक्यांत करणारा कुणीच नाही, सगळं आपोआप झालेलं. ‘व्हॉल्व्ह माझ्याकडून उघडा राहिला’ असं म्हणायला एकच शब्द जास्त लागतो, पण तोच शब्द जिभेवर येत नाही.

एकाला ओरडलं, दहा जण शिकले

या सगळ्यावर आणखी एक गोष्ट भारी पडते, ती म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला अनुभव. एखाद्याने प्रामाणिकपणे चूक सांगितली आणि त्याला सगळ्यांसमोर झापलं, किंवा त्याचा फोटो कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर ते पाहणारे बाकीचे दहा जण एक धडा घेतात : झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’चे कितीही बोर्ड लावले तरी उपयोग होत नाही.

लपवणारे फक्त खालचे लोक असतात असंही नाही. हेल्परने सांगितलेली गोष्ट ऑपरेटर थोडी सौम्य करून सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर आणखी सौम्य करून मॅनेजरला. वर पोचेपर्यंत ‘गळती’चं ‘किरकोळ थेंब’ झालेलं असतं. प्रत्येकाला आपल्या वरच्याची भीती असते.

कारखान्यातली चूक गावापर्यंत येते

केमिकलच्या कारखान्यात वेळेचा हिशेब फार कडक असतो. काही प्रक्रियांत उष्णता आपोआप तयार होते. थंड करण्याची व्यवस्था कमी पडली किंवा माल जास्त पडला तर तापमान चढतं, आणि ते चढलं की प्रक्रिया आणखी जोर धरते. सुरुवातीला माल टाकणं थांबवून, थंड करून ती आवरता येते. उशीर झाला की हाताबाहेर जाते.

३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या एका कारखान्यातून वायूगळती झाली. आसपासच्या लोकांना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, डोळे चुरचुरू लागले. अग्निशमन दलाने गळती आटोक्यात आणली. त्या घटनेत कोण चुकलं, हा इथला विषय नाही. पण अशा वेळी विझवायला आलेल्या जवानांना आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना पहिली माहिती हवी असते ती ही : आत कोणतं रसायन होतं, किती होतं आणि गडबड किती वाजता सुरू झाली. हे सांगू शकणारा माणूस भीतीने गप्प बसला, तर त्याची किंमत भिंतीपलीकडच्या वस्तीला मोजावी लागते.

हे फक्त कारखान्यापुरतं नाही. लहान मुलांच्या लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. वाटेत बर्फ संपला आणि लसी तापल्या, तर त्या बाजूला ठेवून वरिष्ठांना कळवता येतं. कळवलं नाही तर गुण गेलेली लस बाळाला टोचली जाण्याचा धोका असतो. लगेच काही दिसत नाही. आईबाप निर्धास्त, आणि बाळाला मात्र संरक्षण नाही.

जिथे चुका जास्त सांगतात, तिथे काय असतं?

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. ज्या गटात काम चांगलं, तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटेच आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या गटांत लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. म्हणजे ज्या खात्याच्या वहीत एकही चूक नाही, तिथे सगळं ठीक आहे असं समजण्याआधी जरा थांबायला हवं.

विमान क्षेत्राने यावर एक वाट काढली. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे. वैमानिक आपली चूक ‘नासा’कडे कळवू शकतो. चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर त्याला सहसा दंडापासून संरक्षण मिळतं. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकतात आणि त्या चुकीपासून बाकीचे वैमानिक शिकतात.

आपल्या देशातलं उदाहरण तर राष्ट्रपती झालेल्या माणसाचं आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ हे रॉकेट उडालं आणि काही मिनिटांत समुद्रात पडलं. मोहिमेचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. उड्डाणाआधी एक गळती लक्षात आली होती, पण ती किरकोळ मानून पुढे जायचं ठरलं. नंतरच्या आढावा बैठकीत कलाम यांनी उभं राहून सांगितलं की ती जबाबदारी माझी, मी उड्डाण थांबवायला हवं होतं. त्यांना काढून टाकलं नाही. इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा पत्रकारांसमोर बोलायला धवन यांनी कलाम यांना पुढे केलं. कलाम यांना खरं बोलता आलं, याचं बरंच श्रेय वर बसलेल्या माणसाला जातं.

कायदा काय म्हणतो?

बरेच जण ज्या भीतीने गप्प बसतात, त्या भीतीवर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. ती माहीत असायला हवी.

- मालकाला मनाला येईल तेवढा दंड करता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात एका पगाराच्या काळातला दंड पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा होती. नव्या वेतन संहितेतही हीच मर्यादा आहे.
- दंड करण्याआधी किंवा नुकसानभरपाई कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते.
- नुकसानापोटी कापायची रक्कम प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त असू शकत नाही, आणि नुकसान कामगाराच्या दुर्लक्षामुळे झालेलं असावं लागतं.
- कामावर इजा झाली आणि त्यात कामगाराचा साधा निष्काळजीपणा होता, एवढ्याने त्याचा भरपाईचा हक्क जात नाही. दारू किंवा नशा, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, मशीनचं संरक्षक साधन मुद्दाम काढणं अशा गोष्टी असतील तर अडचण येते.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. ‘माझ्याच चुकीने हात मशीनमध्ये गेला’ म्हणून दवाखान्यात ‘घरी पडलो’ असं सांगणारे असतात. कधी ठेकेदारच तसं सांगायला लावतो. एकदा कागदावर ‘घरी पडलो’ लागलं की ईएसआयचे लाभ किंवा भरपाई मागताना तोच कागद आडवा येतो. आणि ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करू शकत नाही, तो सरकारी यंत्रणेला कळवणं ही कारखान्याची जबाबदारी आहे.

चूक वेगळी, गुन्हा वेगळा

चूक सांगणाऱ्याला सांभाळून घ्या म्हणजे सगळंच पोटात घाला, असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. २० ऑगस्टला हजारो लोक स्टेशनात रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद राहिल्या. अत्याचाराचा संताप तर होताच. पण तक्रार नोंदवून घ्यायला लागलेला वेळ आणि शाळेची भूमिका, याचाही राग त्यात होता. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे कारण तिथे चालत नाही. हातून निसटलेला व्हॉल्व्ह आणि नदीनाल्यात मुद्दाम सोडलेलं केमिकल यांतही हाच फरक आहे. पहिल्याला सांगायची संधी द्यावी, दुसऱ्याला कायद्यापुढे उभं करावं.

सांगायचं कसं, ऐकायचं कसं?

कामगाराने चूक लक्षात येताच चार गोष्टी सांगाव्यात : काय झालं, किती वाजता झालं, आत्ता काय परिस्थिती आहे आणि मी काय केलं. ‘का झालं’ हे नंतर. तोंडी सांगून झालं की दोन ओळींचा मेसेजही करावा. वेळेची नोंद राहते, आणि उद्या ‘सांगितलंच नाही’ असा आरोप झाला तर तोच मेसेज कामी येतो. पगार कापला तर कशासाठी आणि किती, हे लेखी मागावं.

सुपरवायझर, मुकादम आणि मालकांसाठी गोष्ट आणखी सोपी आहे. चूक कळली की तोंडातून पहिला शब्द ‘कुणी केलं?’ असा येतो. त्याऐवजी ‘आता काय करायचं?’ असं विचारावं. आधी गळती थांबवा, माल वाचवा, माणूस वाचवा. बोलायचं ते नंतर, बाजूला घेऊन. एकदा झालेली चूक, वारंवारचा निष्काळजीपणा आणि मुद्दाम केलेला उद्योग या तिघांना एकच शिक्षा दिली, तर उद्या तिन्ही लपवले जातील. महिन्यातून एकदा साहेबाने सगळ्यांसमोर स्वतःची एखादी चूक सांगितली, तर बाकीच्यांची जीभ लवकर सुटते.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चूक बाहेर येतेच. ती सकाळच्या पाळीत माणसाच्या तोंडून येणार की रात्री सायरन वाजल्यावर, हे पहिल्यांदा सांगायला आलेल्या माणसाला कशी वागणूक मिळाली, यावर बरंचसं ठरतं.