विद्युत् गिटार : संगणकावरील घरगुती ध्वनिमुद्रण

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा विद्युत् संदेश घरातील संगणकात अंकीय स्वरूपात नोंदविणे व त्यावर आवश्यक ते संस्कार करून ऐकण्यायोग्य ध्वनिमुद्रण तयार करणे, अशी ही प्रक्रिया होय. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत असे ध्वनिमुद्रण मुख्यत्वे मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणगृहांतच होत असे व त्याचा तासागणिक आकारला जाणारा खर्च नवोदित वादकास परवडत नसे. आता संगणक, लहानसा इंटरफेस व हेडफोन एवढ्या सामग्रीवर ते पुणे जिल्ह्यात बारामती–इंदापूर मार्गावर असलेल्या अंथुर्णे यासारख्या गावातील घरातही होऊ शकते. तथापि अशा ध्वनिमुद्रणाचा दर्जा साधनांच्या किंमतीपेक्षा संरोधाचा मेळ, संदेशाची पातळी, विलंब व भूसंपर्कन या चार गोष्टींवर अधिक अवलंबून असतो.

इतिहास : विद्युत् चुंबकीय पिकअप असलेली गिटार अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये तयार केली व त्यांना १९३७ मध्ये तिचे एकस्व मिळाले. घरगुती ध्वनिमुद्रणाचे आद्य प्रवर्तक म्हणून गिटारवादक लेस पॉल यांचे नाव घेतले जाते. एकाच वादकाने आपल्याच वादनावर दुसरे वादन चढवीत जाण्याची त्यांची पद्धत १९५१ मधील ‘हाउ हाय द मून’ या गीतामुळे सर्वतोमुखी झाली. १९७९ मध्ये टॅस्कॅम या कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र मार्ग नोंदविणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र बाजारात आणले आणि ही पद्धत सामान्य वादकाच्या आवाक्यात आली. पुढे संगणकाने कॅसेटची जागा घेतली. १९९७ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीची ॲसिओ ही प्रणाली व २००० मध्ये ऑडॅसिटी हा विनामूल्य कार्यक्रम उपलब्ध झाला.

भारतात व्हॅन शिप्ली यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली विद्युत् गिटारवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. मुंबईतच १९८४ मध्ये रॉक मशीन हे पथक स्थापन झाले, ते पुढे इंडस क्रीड या नावाने ओळखले जाऊ लागले. ग्रामीण महाराष्ट्रात वराती व मिरवणुकींपुढे वाजणाऱ्या बेंजोलाही पिकअप बसविलेला असतो. त्यामुळे येथे वर्णिलेली पद्धत त्या वाद्यासही बव्हंशी लागू पडते.

संदेश व संरोध : पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात प्रवर्तनाने सूक्ष्म विद्युत् दाब उत्पन्न होतो. हा दाब सामान्यतः व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. वेटोळ्याचा प्रवर्तकत्व हा गुण व जोडतारेची धारिता यांमुळे हा संदेश कमी संरोधाच्या आदानास जोडला असता त्यातील तार स्वरांश क्षीण होतात आणि ध्वनी मंद, घोंगडी पांघरल्यासारखा येतो. संगणकाच्या मायक्रोफोनच्या छिद्राचा संरोध काही हजार ओहमच असल्याने गिटार थेट तेथे जोडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक ठरते. गिटारसाठी सु. १० लाख ओहम संरोधाचे आदान लागते. स्वस्त इंटरफेसवरही ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असे लिहिलेले जे छिद्र वा बटण असते, ते याचसाठी होय. जोडतारही शक्यतो पाच-सहा मीटरांपेक्षा लांब नसावी.

अंकीय रूपांतर : इंटरफेस संदेशाचे मापन सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा करतो. प्रत्येक मापन १६ बिटांत केल्यास सर्वांत मोठ्या व सर्वांत सूक्ष्म पातळ्यांतील अंतर सु. ९६ डेसिबेल मिळते. २४ बिटांत ते तत्त्वतः १४४ डेसिबेल असते. म्हणून २४ बिटांचे मापन निवडून सर्वांत जोरकस आघातही कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबेल खाली राहील अशी पातळी ठेवावी. मर्यादा ओलांडल्यास तरंगांचे माथे छाटले जातात व तो दोष नंतर पूर्णपणे दूर करता येत नाही.

विलंब : मापने संगणकात गटागटाने हाताळली जात असल्याने तार छेडणे व ध्वनी ऐकू येणे यांत अंतर पडते. सेकंदाला ४८,००० मापने असताना १२८ मापनांचा एक गट सु. २·७ मिलिसेकंदांचा होतो. आदान व प्रदान मिळून हे अंतर वाढते. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सु. ३४ सेंमी. जातो; म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब ध्वनिक्षेपकापासून सु. ३·४ मी. दूर बसून वाजविण्यासारखा असतो व तो बहुतेकांस खटकत नाही. याहून बराच अधिक विलंब झाल्यास लय बिघडते. यासाठी वाजविताना गट लहान ठेवावा व मिश्रणाच्या वेळी संगणकावरील भार हलका करण्यासाठी तो मोठा करावा.

ध्वनीची घडण : विद्युत् गिटारचा परिचित नाद हा केवळ वाद्याचा नसून विवर्धक व त्याचा ध्वनिक्षेपक यांचाही असतो. तो दोन प्रकारांनी नोंदविता येतो. पहिल्या प्रकारात ध्वनिक्षेपकाच्या जाळीजवळ मायक्रोफोन ठेवतात. १९६५ पासून प्रचारात असलेला शुअर कंपनीचा एसएम ५७ यासाठी प्रसिद्ध आहे. मायक्रोफोन शंकूच्या मध्यासमोर ठेवल्यास ध्वनी तेजस्वी व कडेकडे सरकविल्यास मृदू होतो. दुसऱ्या प्रकारात गिटार सरळ इंटरफेसला जोडून विवर्धकाचे काम संगणकातील कार्यक्रमाकडून करवून घेतात. न्यूरल ॲम्प मॉडेलर यासारखे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. गिटारचा ध्वनिक्षेपक सु. ५,००० हर्ट्‌झपलीकडील कंप्रता झपाट्याने कमी करतो. त्यामुळे कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाची प्रतिकृती न जोडल्यास विरूपित नाद असह्य किरकिरा वाटतो. कोणताही संस्कार न केलेला मूळ संदेश जपून ठेवल्यास नादाची निवड पुढे केव्हाही बदलता येते.

पत्र्याच्या छपराच्या घरात ध्वनी परावर्तित होतो आणि ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावरून ट्रॅक्टरांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. अशा परिस्थितीत दुसरा प्रकारच सोयीचा होय, कारण त्यात खोलीतील वा बाहेरील आवाज नोंदला जात नाही. मायक्रोफोन वापरावयाचाच झाल्यास भोवती गोधड्या टांगाव्यात.

गुणगुण : भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने पिकअपमध्ये ५०, १००, १५० हर्ट्‌झ अशी गुणगुण शिरते. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सु. ८२ हर्ट्‌झ असते. त्याखालील भाग गाळला असता ५० हर्ट्‌झचा अंश जातो. परंतु १०० व १५० हर्ट्‌झचे अंश स्वरांतच मिसळलेले राहतात. म्हणून गुणगुण मुळातच टाळणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर व दिव्यांचे चोक यांपासून दूर बसावे आणि गिटारचा कोन बदलून सर्वांत शांत दिशा शोधावी. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तयार केलेला हंबकर पिकअप दोन विरुद्ध वेटोळ्यांच्या साह्याने ही गुणगुण बव्हंशी रद्द करतो.

सुरक्षितता : गिटारच्या धातूच्या तारा विद्युत् मंडलाच्या भूसंपर्काला, म्हणजे व्यवहारातील अर्थिंगला, जोडलेल्या असतात. त्यामुळे सदोष जोडणीत वादकाचा हातच विद्युत् मार्गाचा भाग होतो. स्टोन द क्रोज या पथकाचे वादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्झी येथे रंगमंचावर व यार्डबर्ड्‌सचे गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवीत असता विजेच्या धक्क्याने मरण पावले. गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडण्याची प्रथा म्हणूनच प्राणघातक आहे. विवर्धक व संगणक एकमेकांस जोडल्याने गुणगुण होत असल्यास संदेशमार्गात विलगक रोहित्र घालावे. भूसंपर्क मात्र अखंड ठेवावा. दोन पिनांच्या चार्जरमुळे तारांना हात लावताच मुंग्या येत असतील, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. पर्जन्यछायेच्या प्रदेशात जमीन कोरडी पडून भूसंपर्काचा रोध वाढतो, यास्तव कोळसा व मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमाने पाणी घालावे. गळतीप्रवाह ३० मिलिअँपियरच्या आतच ओळखून पुरवठा तोडणारे साधन घरात बसविणे हा इंटरफेसहूनही आधी करावयाचा खर्च होय.

तयार झालेले ध्वनिमुद्रण हेडफोन, मोबाईल व साधा ध्वनिक्षेपक या तिन्हींवर ऐकून तपासावे. साधने स्वस्त झाली, तरी सुरात लावलेल्या तारा, लयीचा सराव व चिकित्सक कान यांची उणीव कोणताही कार्यक्रम भरून काढीत नाही.