चुंबकीय जलप्रक्रिया आणि नळांतील क्षारांचा थर

परतूर तालुक्यातील आष्टी (जि. जालना) हा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यात मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि हे किंचित आम्लधर्मी पाणी खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत घेते. असे दुष्फेन पाणी तापले, अथवा त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून गेला, की कॅल्शियम कार्बोनेट साचते. गीझरमध्ये, ठिबकच्या तोट्यांत, किंबहुना आपल्या प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातन यंत्रातही हा पांढरा थर नित्य आढळतो.

यावर नळाला चुंबक बसविण्याचा उपाय सुचविला जातो. बेल्जियममध्ये व्हर्मेरेन यांनी त्याचे पेटंट १९४५ साली घेतले. चुंबकाने ‘पाणी मृदू होते’ हा विक्रेत्यांचा दावा मात्र चुकीचा आहे. चुंबकापूर्वीचे व नंतरचे पाणी एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालून ईडीटीएने अनुमापित केल्यास दोन्ही वाचने सारखीच येतात. कारण चुंबक पाण्यातून एकही आयन काढून घेत नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. या आकड्यात चुंबकाने काहीही फरक पडत नाही.

परंतु एवढ्यावर प्रश्न निकाली काढणे घाईचे ठरेल. खरा प्रश्न साचलेला क्षार नळाला चिकटतो की नाही, हा आहे. डब्लिनच्या कोई व कॅस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चुंबकीय क्षेत्रातून गेलेले पाणी तापविल्यावर कॅल्साइटच्या तुलनेत ॲरागोनाइटचे प्रमाण वाढलेले आढळले. ॲरागोनाइटचे स्फटिक सुईसारखे असतात व ते कमी घट्ट बसतात असे मानले जाते. तथापि स्फटिकांचे गुणोत्तर म्हणजे थराचे वजन नव्हे, हा भेद जाहिरातींत हमखास विसरला जातो.

तेव्हा मोजावयाचा तो चिकटलेला थर. एकाच कूपनलिकेचे पाणी दोन सारख्या प्लास्टिक नळ्यांतून न्यावे. धातूची नळी टाळावी, कारण तिच्यातून सुटणारे जस्त अत्यल्प असले तरी कॅल्साइटची वाढ रोखते आणि श्रेय चुंबकाला मिळते. एका नळीवर चुंबक व दुसरीवर तशाच आकाराचा अचुंबकित लोखंडी तुकडा लावावा. कोणता कोठे, हे मोजणाऱ्यास सांगू नये. दोन्हींकडील समान पाणी सारख्या चंचुपात्रांत समान वेळ तापवावे. सुटा गाळ हलकेच ओतून टाकावा, चिकटलेला थर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावा आणि सामू १० वर आणून त्याच ईडीटीएने कॅल्शियम मोजावे. पुढील फेरीत चुंबक व तुकडा यांची अदलाबदल करून मोजणी पुन्हा करावी.