थंडी पडली की संत्र्याला रंग का चढतो? हिरवा म्हणजे कच्चाच, असं नाही

अमरावती/अकोला : दिवाळी सरली आणि पहाटे गोधडी ओढायची वेळ आली. वावरात तूर पिवळ्या फुलोऱ्यावर आहे, कापसाची वेचणी सुरू आहे. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात मात्र सगळ्यांची नजर आंबिया बहाराच्या संत्र्यावर आहे. रंग कधी येणार?

रंगाचं नातं थेट थंडीशी आहे. रात्री गार झाल्या की सालीतलं हिरवं द्रव्य मोडू लागतं, मग केशरी रंग वर येतो आणि गडद होतो. रात्री उबदार राहिल्या तर आत गोडी भरते, साल मात्र हिरवीच दिसते. म्हणून ऑक्टोबरातला हिरवट संत्रा गोड निघू शकतो, आणि पिवळाधम्मक आंबटही. बंद खोलीत इथिलीन वायू देऊन रंग आणता येतो, पण तो सालीपुरताच. आतली फोड होती तशीच राहते.

इथंच बागाईतदाराचं नुकसान होतं. "रंग नाही" म्हणून भाव पाडला जातो, नाहीतर भावाच्या घाईत कच्चा माल तुटतो. संत्रा तोडल्यावर घरात पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी भरली तेवढीच. तोडणीआधी झाडाच्या चारही बाजूंची दोन-चार फळं फोडून चाखावीत. उन्हाकडची फळं आतल्या सावलीतल्यांपेक्षा बहुधा गोड असतात. घेणाऱ्यानंही रंगापेक्षा हातातलं वजन पाहावं आणि एक फोड खाऊनच सौदा करावा.

सीताफळाचं उलटं. डोळे उघडले, खाचा पांढुरक्या झाल्या की तोडायचं. ते घरी पिकतं. डोळे मिटलेलं फळ तोडलं तर ते नीट पिकत नाही, काळं पडतं.

ही थंडी येते कुठून? सूर्य दक्षिणेकडे कलतो, ऊन तिरपं पडतं, आणि आभाळ निरभ्र असल्यानं जमिनीची ऊब रात्रीतून निघून जाते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमरावती-अकोल्यात भर दुपारी सावली पायाखाली जाते. २२ डिसेंबरच्या दुपारी तीच सावली जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी पडते. अंगणात काठी रोवून पोरांना हे दाखवता येईल.

आणखी एक गंमत. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात असला तरी सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात, साडेपाचच्या थोडं पुढं. तुळशीच्या लग्नात बोरं-आवळे येतात, पाठोपाठ बाजारात जांब. सकाळ सगळ्यात उशिरा उजाडते ती संक्रांतीच्या आसपास, सातच्या सुमारास. तोवर आंबियाचा माल बहुतेक गेलेला असतो, आणि त्याच झाडांवर पुढच्या बहाराची फुलं यायची वेळ झालेली असते.