‘लाइट’ गेली म्हणजे काय गेले?

इंग्रजीची अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या तोंडीही जे इंग्रजी शब्द सहज बसले आहेत, त्यांत ‘लाइट’चा मान मोठा आहे. आमच्या वैजापूर तालुक्यात कोणत्याही वस्तीवर जा. रामराम झाला की ‘लाइट आली का हो?’ हा प्रश्न ठरलेलाच.

मूळ इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड. ‘लाइटली घेऊ नका’ यातला लाइट निराळा. त्याचा अर्थ हलका. उच्चार आणि अक्षरे तीच, पण कूळ वेगळे.

उजेडाच्या लाइटचे आपण मराठीत दोन अर्थ केले. ‘ओसरीवरचा लाइट लावला’ म्हणतो, तेव्हा तो दिवा असतो, आणि दिव्यासारखाच पुल्लिंगी. ‘लाइट गेली’ म्हणतो, तेव्हा ती वीज असते, आणि विजेसारखीच स्त्रीलिंगी. हे कोणी शिकवले नाही. परक्या पाहुण्याला मराठीने घरचे लिंग दिले. गुरुजींनी ही दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत. लिंगविचाराचा धडा मुलांना चटकन् उमजेल. १९६० साली राज्याचे विद्युत मंडळ झाले, २००५ साली त्यातून महावितरण निघाले. पण आपल्या घरी येते ते ‘लाइटबिल’च!

इथवर गंमत झाली. आता धोक्याचे सांगतो. दिवा आणि वीज यांना एकच नाव पडल्याने, दिवा विझला की वीजही गेली, असे आपण धरून चालतो. ते खरे नव्हे. दिव्याला दोन तारा लागतात. फेजच्या तारेने वीज येते, न्यूट्रलच्या तारेने परत जाते. न्यूट्रल तुटली तर दिवा विझतो. फेजच्या तारेत मात्र २३० व्होल्टचा दाब तसाच असतो. ‘लाइट नाही’ म्हणून कोणी तारेला हात घातला, तर जिवावर बेतते.

विहिरीवरच्या मोटरीचेही तेच. तीन फेजांपैकी एक गेला की मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाही. आपण म्हणतो, ‘लाइट नाही.’ अहो, उरलेल्या दोन तारांत ती आहे! मोटर तशीच चालू ठेवली तर जळते, आणि पेटीत हात घालणाऱ्याचा जीव जातो.

म्हणून ‘लाइट’ शब्द टाकून द्या, असे मी म्हणत नाही. बोलण्यात तो राहू द्या. पण तारेजवळ जाताना नेमके बोला. ‘लाइट आहे का?’ असे न विचारता ‘मेन स्विच बंद केला का? कोणी केला?’ असे विचारा. डीपीवरचा फ्यूज स्वतः बसवू नका. लाइनमनला बोलवा, किंवा १९१२ या क्रमांकावर कळवा. शाळेतल्या मुलांकडून एक वाक्य मात्र पाठ करून घ्या: दिवा विझला, तरी तारेत वीज असू शकते.