गॅलरीचा स्लॅब आधी इशारा देतो

रत्नागिरी, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यात आखाती कमाईतून उभ्या राहिलेल्या अनेक घरांना पुढे काढलेली गॅलरी असते. खारी हवा आणि कोकणचा पाऊस यांचा मार तिलाच जास्त बसतो. मिठासह पाणी आत मुरले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून खालच्या अंगास तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेली बारीक चीर किंवा फुगलेला गिलावा दिसल्यास हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला तर वरून नुसता रंग फासू नये. (रंगारी नेमके तेच सुचवितो!)

आम्हाला अधिक धास्ती वाटते ती वरच्या भेगेची. खांबाशिवाय पुढे आलेल्या स्लॅबच्या मुख्य सळया वरच्या बाजूस असतात. गॅलरी भिंतीला मिळते तेथे लांब भेग पडली, किंवा पूर्वी नीट वाहून जाणारे पाणी कठड्याकडे साचू लागले, तर गॅलरीवर आणि तिच्याखाली वावर त्याच दिवशी बंद करावा, जड कुंड्यांना हात लावण्यापूर्वी इंजिनिअरला बोलवावे, त्याच्या सल्ल्याने टेकू लावावेत. घरमालक कुवेतला असेल तर त्याच्या सुट्टीची वाट पाहत बसू नये.