दात्याच्या पेशींनी कॅन्सरवर उपचार : खरे किती, आशा किती?

अंडाशयाचा कॅन्सर उशिरा कळतो आणि बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा येतो. आजार पोटात पसरल्यावर निदान झाले असेल, तर ऑपरेशन आणि केमोथेरपीने बहुतेक बायकांना आधी आराम पडतो. पण दहापैकी सुमारे सात जणींमध्ये तो पुढे परततो.

तो परतला की घर हादरते. मग कोणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर दाखवतो : 'दुसऱ्याच्या शरीरातल्या पेशी देऊन कॅन्सर बरा होतो.' याच वेळी दागिने मोडले जातात, खोली गहाण पडते. म्हणून यातले खरे किती, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या पेशी कोणत्या?

आपल्या रक्तात 'नॅचरल किलर' म्हणजे एनके नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. १९७५ च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांना त्यांचा शोध लागला. त्यांचे काम पहारेकऱ्याचे. शरीरातील बहुतेक पेशींच्या अंगावर एक ओळखखूण असते. ती दिसली की एनके पेशी त्या पेशीला सोडून देते. खूण नसेल तर मारते. कॅन्सर झालेल्या बाईच्या स्वतःच्या एनके पेशी मात्र अनेकदा दुबळ्या पडलेल्या असतात. शिवाय कॅन्सरची पेशी तिच्याच शरीरातली. तिच्यावर घरची खूण दिसली की पहारेकरी हात आवरतो.

म्हणून संशोधकांनी पहारेकरी बाहेरून आणायचे ठरवले. दाता बहुधा रक्ताच्या नात्यातला असतो. मुलगा किंवा मुलगी आईशी निम्मी जुळतेच, आणि या उपचारात निम्मी जुळणी चालते. दात्याचे ऑपरेशन करावे लागत नाही. त्याचे रक्त यंत्रातून फिरवून हव्या त्या पेशी काढतात आणि उरलेले रक्त त्याला परत देतात.

प्रयोगात काय दिसले?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने असा एक प्रयोग करून २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्यात २० बायका होत्या : १४ जणींना अंडाशयाचा आणि ६ जणींना स्तनाचा कॅन्सर. शरीराने परक्या पेशी लगेच बाहेर टाकू नयेत म्हणून आधी जोरदार औषधांनी त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती दाबली. मग दात्याच्या पेशी दिल्या. सात दिवसांनी १५ जणींच्या रक्तात दात्याच्या पेशींचा माग लागला. पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या आणि त्यांनीच अडथळा केला असावा, असे संशोधकांना वाटले. हा कॅन्सर मुख्यतः पोटातच पसरतो, म्हणून पुढे दात्याच्या पेशी थेट पोटात सोडण्याचेही प्रयोग सुरू झाले.

२०२० मध्ये अमेरिकेतीलच एम. डी. अँडरसन रुग्णालयाने नाळेच्या रक्तातून घेतलेल्या, जनुकीय बदल केलेल्या एनके पेशी ११ रुग्णांना दिल्या. आठ जणांना फायदा झाला. पण ते सगळे रक्ताशी आणि लसिकाग्रंथींशी संबंधित कॅन्सरचे रुग्ण होते. गाठीच्या आत शिरून काम करणे या पेशींना जास्त कठीण जाते.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून तयार केलेल्या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरतात आणि तो ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. अंडाशयाच्या कॅन्सरवर दात्याच्या पेशी देणे अजून प्रयोगाच्याच टप्प्यावर आहे.

पैसे मागितले तर?

कोणी लाखो रुपये सांगून हा उपचार देऊ केला, तर चार प्रश्न विचारा. ही चाचणी आहे की मंजूर उपचार? चाचणी असेल तर देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीतील तिचा क्रमांक काय? नीतिशास्त्र समितीची परवानगी आहे का? संमतीपत्र मराठीत मिळेल का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारापलीकडचा संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. समजल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.

आज हातात काय आहे?

आजार परतला म्हणजे सगळे संपले असे नाही. पहिल्या केमोनंतर सहा महिन्यांहून जास्त काळ गेला असेल, तर त्याच गटातील औषधे पुन्हा उपयोगी पडण्याची शक्यता चांगली असते. डॉक्टरांना 'बीआरसीए' तपासणीबद्दल जरूर विचारा. त्यावरून काही जणींना गोळ्यांचा उपचार देता येतो. दोष आढळला तर मुली आणि बहिणींनीही तपासून घ्यावे, कारण तो आई-वडिलांकडून मुलांकडे येऊ शकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून किंवा समाजसेवा विभागातून समजून घ्या.

आणि घरातल्या निरोगी बायकांसाठी एवढे लक्षात ठेवा : पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, सारखी लघवीला लागणे यांतले काही दोन-तीन आठवडे रोजचे झाले, तर गॅस म्हणून ओवा खात बसू नका. पॅप तपासणी चांगली आली म्हणूनही निर्धास्त राहू नका. ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते, अंडाशयासाठी नाही. डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफी लागेल का, हे स्वतःहून विचारा.