हलकेपणाचा हिशेब

केळीचे घड लादलेली गाडी आणि रिकामा छकडा यांना बैलजोडी सारखीच जुंपली, तर पुढे कोण जाईल हे खानदेशात कोणाला सांगायला नको. जोर तोच, फरक काय तो ओझ्याचा. सुझुकीची ‘कापुचिनो’ ही चिमुकली, दोनच माणसांची जपानी मोटार याच जुन्या हिशेबावर उभी राहिली.

जपानात ‘केई’ नावाचा लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांना कर कमी, पण मापाचे बंधन कडक. १९९० च्या नियमाप्रमाणे लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० सीसी. यापुढे जायचे नाही. शिवाय ६४ अश्वशक्तीची मर्यादा कारखानदारांनी आपसांत ठरवून घेतलेली. मग एवढ्याशा चौकटीत चपळ गाडी बसवायची कशी? शक्ती वाढवता येत नाही ना, तर वजन घटवा! १९९१ साली आलेल्या कापुचिनोचे बॉनेट आणि छत ॲल्युमिनियमचे केले आणि एकूण वजन सुमारे ७०० किलोवर आणले.

आता हिशेब पाहा. एका अश्वशक्तीच्या वाट्याला अकरा किलो आले. दोन टनांच्या मोटारीला हेच प्रमाण साधायचे तर १८० अश्वशक्ती लागेल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे यायचे, तर त्याच वेगाला हलक्या गाडीच्या ब्रेकांना जड गाडीच्या जेमतेम एकतृतीयांश ऊर्जा जिरवावी लागते.

ही गाडी भारतात विक्रीला आली नाही. पण तिचे घराणे आपल्या ओळखीचे आहे. १९८३ साली आलेली मारुती ८०० सुझुकीच्या ‘आल्टो’ या केई मोटारीवरूनच बेतलेली होती. इंजिन मात्र ७९६ सीसीचे.

तुम्ही म्हणाल, धुळे-जळगाव रस्त्यावर मालट्रकपुढे हिचा काय पाड लागणार? शंका रास्त आहे. टकरीत हलक्या गाडीलाच धक्का जास्त बसतो. म्हणून जो तो जड गाडी घेतो. पण त्यामुळे शेजारच्या हलक्या गाडीचा आणि दुचाकीस्वाराचा धोका वाढतो, त्याचे काय? एकट्याने बाजारात जायला दोन टनांचे धूड खरोखर लागते का, एवढे गाडी घेण्यापूर्वी स्वतःला विचारून पाहावे.